बुडीत गावांच्या दप्तरासाठी कळकळीचे आवाहन

समस्त कोयनाकर ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि पुनर्वसित गावठाणांतील बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

कोयना धरणात पाणी अडले तेव्हा ज्यांनी स्वतःच्या हातांनी घराचे वासे उतरवले, ती माणसे आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एक आजी गेल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या. उसना रेकॉर्डर घेऊन दोन बैठका झाल्या, तिसरी राहिली ती राहिलीच. म्हणून हे पत्र घाईने लिहितो आहे.

आपले दप्तर, म्हणजे बुडीत गावांच्या कागदांचा आणि आठवणींचा हा संग्रह, अनुदानावर उभे राहिलेले नाही. आधी सगळे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी बांधवांनी ओझी वाहून मिळवलेल्या पैशांतून पहिले कपाट दिले आणि टेम्पोतून स्वतः आणून पोचवले. रायगड-ठाण्याकडे उठून गेलेल्या भावकीने जुने सात-बारा, फेरफार, संकलन रजिस्टरच्या (धरणग्रस्तांच्या गेलेल्या-मिळालेल्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीच्या) नकला पिशवीत जपून आणल्या. आपल्या गुरुजींनी तर म्हाताऱ्यांना सोबत बसवून गावठाणांचे नकाशे हाताने काढले: देऊळ कुठे, खळे कुठे, वाघजाईची पालखी कोणत्या वाटेने निघायची. कागदाचे पैसेसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाच्या आठवणीही त्यांनीच लिहून घेतल्या. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेखा म्हणतात. शिवसागर जलाशयाचे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, पोफळीच्या वीजघराची वीज, 103 मीटरची भिंत, हे पुस्तकांत सापडते. पाण्याखाली गेलेल्या गावाची यात्रा कधी भरायची, बारा बलुत्यांत कोण कोण होते, हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

मागच्या आवाहनाला व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे भरपूर आले, पावत्या मात्र सतराच फाटल्या. वाईट वाटले, लपवत नाही. गावच्या देवळाच्या कळसाला आपण एका रात्रीत वर्गणी उभी केली होती. तीच माणसे आहोत आपण.

गरज अशी: स्कॅनर, दोन रेकॉर्डर, हार्डडिस्क, पत्र्याची गळती, वाळवीचा बंदोबस्त, मिळून रु. 1,40,000, जमा रु. 38,500. गळतीचे काम पावसाआधी व्हायलाच हवे. देणगी रोख वा खात्यावर, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या पाठीमागे आहे, पावती जरूर घ्यावी. जुने फोटो, लग्नपत्रिका, पुनर्वसनाच्या नोटिसा मे महिन्यात गावी येताना आणाव्यात. यात्रेदिवशी सभामंडपात दिवसभर बसू, मूळ कागद स्कॅन करून लगेच परत. घरात वयस्कर माणूस असेल तर फक्त निरोप द्या, आम्ही येतो.

आपला नम्र,
सचिव

ता.क. : गुरुजींच्या नकाशात खालच्या आळीच्या पाणवठ्याची जागा दोघांनी दोन ठिकाणी दाखवली आहे. पाणी उतरले की उन्हाळ्यात पायऱ्या दिसतात म्हणे. ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी कृपया कळवावे.