वीरमाता, वीरपत्नी झाल्या, पण बहिणीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

राखीच्या आठवड्यात आपल्या पेपरात फोटो येतात, शाळेतल्या मुलींनी जवानांना राख्या पाठवल्या म्हणून, छान वाटतं, पण जिचा सख्खा भाऊ ड्युटीवरून परत आलाच नाही तिच्यावर कधी चार ओळी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. कार्यक्रमात वीरमातेला, वीरपत्नीला स्टेजवर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, द्यायलाच पाहिजे, अन बहीण आईचा हात धरून पायऱ्यांपर्यंत येते आणि तिथंच थांबते.

हे डोक्यात आलं एका कादंबरीमुळं. एल. एम. माँटगोमेरी यांची 'रिला ऑफ इंगलसाइड', 1921 ची, कॅनडातली. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली ॲन बऱ्याच जणांना माहितीये, ही तिच्या धाकट्या लेकीची गोष्ट. पहिलं महायुद्ध लागतं तेव्हा रिलाला 15 पण पूर्ण नसतात, डोक्यात नुसतं नाचगाणं अन नवे कपडे. थोरला भाऊ जेम लगेच भरती होतो, नंतर वॉल्टर, मग शर्ली, हे पण तिचे भाऊच.

वॉल्टर म्हणजे कविता करणारा पोरगा, लोक भेकड ठरवून त्याला पांढरं पीस पाठवतात, आणि मला भीती वाटते हे तो रिलाजवळ बोलतो. आपल्याकडं तरी वेगळं काय असतं, बापापुढं जे तोंडातून निघत नाही ते बहिणीला बरोबर कळतं. सप्टेंबर 1916 मधे फ्रान्सात सोम नदीकाठच्या लढाईत कुर्सलेत नावाच्या गावापाशी तो मारला जातो, आदल्या रात्री त्यानं रिलाला लिहिलेलं पत्र बातमीच्या मागून घरी येतं. अन ती ते पत्र ऊनाला देऊन टाकते, वॉल्टरवर जीव असून कधी कुणाला न बोललेल्या मुलीला! मी नसतं दिलं बुवा.

लेखिका युद्धाच्या बाजूनं फार झुकते, शांततेचं बोलणाऱ्या माणसाची नुसती टिंगल केलीये, ते काही पटलं नाही. स्टेशनवर जेमची वाट बघत बसणारा कुत्रा मात्र सगळ्यांना रडवतो, त्याच्यात बिचारी रिला झाकली जाते.

आणि हे फार लांबचं पण नाही. त्याच सोमवर 14 जुलै 1916 ला हाय वूड नावाच्या रानापाशी इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटचे स्वार भाले घेऊन घुसले होते. ही रेजिमेंट मूळ हैदराबाद काँटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची, त्या काँटिंजंटच्या छावण्या आमच्या हिंगोलीत, मोमिनाबादला म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, औरंगाबादेत होत्या. त्यात दख्खनी मुसलमान स्वारही होते, त्यांच्या बहिणींनी काय सोसलं ते कुणी लिहून ठेवलं का?

तर विनंती एवढीच, पुरवणीत आपल्या जिल्ह्यांतल्या अशा बहिणींशी बोलून छापा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुटुंबांची माहिती मिळेल, पण पेन्शनच्या कागदावर बायको नाहीतर आई-वडील असतात, बहीण लग्न होऊन दुसऱ्याच तालुक्यात गेलेली, तेव्हा वार्ताहराला गावात जाऊन, पारावर बसून विचारावं लागेल.

आपला एक वाचक,
हिंगोली