हंफ्रीगंजहून आल्यावर

प्रिय दिन्या,

मागच्या दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, आणि मग करू-करू म्हणत वर्ष गेलं. चुकलंच. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढचं वाच. इकडे सगळं ठीक. सुमाची शुगर आटोक्यात आहे, माझे गुडघे जिना चढताना बोलतात.

गेल्या आठवड्यात अंदमानहून आलो. तिथे जे झालं ते घरात सांगून पाहिलं, पण त्यातली ग्यानबाची मेख कळणारा तू एकटाच.

सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी अख्ख्या बसचे डोळे भरून आले, माझेही. दुसऱ्या दिवशी मी हंफ्रीगंजच्या स्मारकाचं विचारलं, तर टूरवाला म्हणाला, "काका, तिथे बघण्यासारखं काही नाही." मग आम्ही दोघांनी वेगळी गाडी केली. स्मारकाशी पोचलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हर तिथलाच, चाळिशीचा. त्याने चपला काढल्या, पायरीवरचा पाचोळा हाताने लोटला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. सांगितलं नव्हतं कुणी त्याला.

३० जानेवारी १९४४. दुसऱ्या महायुद्धात अंदमान तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी तिथे ४४ जणांना गोळ्या घातल्या, इंग्रजांचे हेर म्हणून. आणि माणसं कोण, तर इंडियन इंडिपेंडन्स लीगची! म्हणजे आपल्या सुभाषबाबूंच्याच बाजूची, आणि सुभाषबाबू तर जपान्यांचे दोस्त. बरोबर महिन्यापूर्वी, ३० डिसेंबरला, त्याच पोर्ट ब्लेअरमध्ये नेताजींनी तिरंगा फडकवला होता. तिथल्या लीगचे प्रमुख डॉ. दिवाण सिंग, पंजाबीतले कवी. नेताजी आले तेव्हा ते सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचे हाल सोसत होते. नेताजींनी ते जेल पाहिलं रे, पण जपान्यांनी त्यांना लोकांशी मोकळेपणाने बोलूच दिलं नाही. १४ जानेवारीला डॉक्टर गेले, आणि पंधरवड्याने हे ४४.

आता तुला मेस आठवली असेल. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' असं वादविवादात मांडून मी ढाल जिंकून आलो होतो आणि तू पानावर बसल्याबसल्या म्हणालास, "बंदूक परक्याची असली की ती कुणावर रोखायची हेही परकाच ठरवतो." वरणाची वाटी तुझ्या नव्या शर्टावर गेली. पंधरा दिवस अबोला, आणि शर्टाचे पैसे तू आजतागायत मागतोस. देतो बाबा. त्या पायरीवर बसलो आणि पहिलं तुझंच वाक्य आठवलं.

पण एवढ्यावर भागत नाही. २३ जानेवारीला शाळेत बोलवलंय, नेताजींवर बोलायला. समोर आठवी-नववीची पोरं. तीस वर्षं तेच भाषण करत आलो, कलकत्त्याहून निसटणं, पाणबुडी, आझाद हिंद सेना, अंदमानला 'शहीद' नाव देणं, आणि टाळ्या. यंदा शब्द फुटत नाहीत. नेताजींवरची माया तसूभर कमी झालेली नाही, हे तुला शपथेवर सांगतो. म्हणूनच झोप उडालीय. हंफ्रीगंज सांगितलं तर पुढच्या बाकावरची एखादी पोरगी विचारणारच, "सर, नेताजींना कळलं कसं नाही?" काय सांगू तिला? न सांगावं, तर ते ४४ जण पुन्हा वाऱ्यावर. त्यांना ना इंग्रजांनी आपलं म्हटलं, ना आपल्या पुस्तकांनी. आणि तारीख बघ, ३० जानेवारी. दर वर्षी अकराच्या भोंग्याला गांधीजींसाठी उभा राहतो, पण त्याच तारखेला हेही गेले, हे साठीत कळावं?

सुमा म्हणते, "पोरांना कशाला गोंधळात टाकता?" तिचंही खोटं नाही. पण ड्रायव्हरचा पाचोळा लोटणारा हात डोळ्यांपुढून हलत नाही. परत येताना त्याला विचारलं, इथे नेहमी येता का? म्हणाला, "साहब, सवारी कहे तो आते हैं. कोई कहता नहीं."

तुझ्या वाड्याचं बिल्डरशी कुठवर आलं? रेवा जर्मनीला निघाली का? वहिनींना नमस्कार सांग, आणि मोतीबिंदू आता पुढे ढकलू नकोस.

भाषण लिहायला घेतलंय. चार पानं झाली की पाठवतो. तिथे लाल पेन चालव, पूर्वी चालवायचास तसं, दयामाया न करता. फक्त वीस तारखेच्या आत परत पाठव.

तुझा,
सुध्या