चित्र पाहायला वेळ द्या

महोदय,

महाविद्यालयातल्या स्लाइडवर हल्ली चित्रांची वाण नाही. वाण आहे ती चित्र पाहायला मिळणाऱ्या वेळेची. चित्र पडद्यावर आले की त्याच क्षणी बोलणे सुरू होते आणि अर्ध्या मिनिटात पुढची स्लाइड येते. विद्यार्थी मोबाइलवर फोटो काढून घेतात. पाहायचे राहूनच जाते.

चित्र दाखवल्यावर दोन मिनिटे शिक्षकाने गप्प राहावे. वहीत दोन रकाने आखायला सांगावे : 'काय दिसते' आणि 'त्यावरून काय वाटते'. शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ मध्ये टिपलेले डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र घ्या. पहिल्या रकान्यात येईल ती ठिपक्यांची फुली. 'सर्पिल', म्हणजे डीएनएचा मळसूत्री आकार, हा शब्द दुसऱ्या रकान्यातला. फुलीवरून सर्पिल कसे ओळखायचे, हाच खरा पाठ आहे. शीर्षकातच उत्तर छापले तर शोधायला काय उरले? शीर्षक शेवटी दाखवावे.

भागांची नावे त्या-त्या भागाशेजारीच लिहावीत. चित्रावर १ ते ८ आकडे आणि खाली सूची, अशी मांडणी केली की नजर सतत वर-खाली धावते आणि आकडा लक्षात ठेवण्यातच सगळी शक्ती जाते. एका वेळी चार-पाच नावे पुरेत. पुढच्या तासाला तेच चित्र नावे पुसून द्यावे आणि आठवून भरायला सांगावे.

सर्वाधिक गोंधळ मापाचा होतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्राशेजारी '४०० पट' लिहिलेले असते. पडद्यावर मोठे झालेल्या चित्राला हा आकडा लागूच पडत नाही. चित्रातच प्रमाणरेषा, म्हणजे ठरावीक लांबी दाखवणारी छोटी रेघ, हवी; समजा ५० मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कारण चित्राबरोबर तीही तेवढीच वाढते. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी त्या रेषेच्या पाचपट लांब दिसली, तर ती २५० मायक्रोमीटर. पडदा केवढाही असो. हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. मात्र रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ असलेले चित्र ताणून १६:९ च्या स्लाइडभर बसवले, की रुंदी एक तृतीयांशाने वाढते, उंची तीच राहते. गोल पेशी लंबगोल दिसते आणि आडव्या प्रमाणरेषेने उभे माप घेतले तर ते चुकते. चित्र कोपऱ्याला धरूनच मोठे करावे, कडा रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

छायाचित्र की रेखाकृती, हा वाद व्यर्थ आहे. रेखाकृतीतून रचना समजते, छायाचित्रामुळे खरी वस्तू ओळखता येते. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावीत. नुसत्या रेखाकृतीवर शिकलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत गडबडतो, कारण खऱ्या पेशीला काळी कड नसते.

आलेखात फरक दाखवायला केवळ लाल-हिरवा वापरू नये. काहींना तो दिसतच नाही. एक रेषा सलग, दुसरी तुटक ठेवावी. अंध विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या वर्णनात 'आलेख' एवढेच म्हणून भागत नाही. अक्षांवर काय आहे, रेषा कुठे चढते, कुठे उतरते, हे वाक्यांत सांगावे लागते.

आणि प्रश्नपत्रिका. वर्गात रंगीत पाहिलेले चित्र परीक्षेत काळ्या-पांढऱ्या छपाईत येते, तेव्हा केंद्रक आणि पेशीद्रव्य एकाच राखाडी रंगात मिसळून जातात. विद्यार्थ्याला विषय येत असूनही गुण जातात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी चित्र एकदा त्याच यंत्रावर छापून पाहावे आणि मगच त्यावर प्रश्न बेतावा.

– महाविद्यालयीन शिक्षक