अभ्यासदौऱ्याच्या शुल्काचा परतावा मिळण्याबाबत

व्यवस्थापक महोदय,

तुमच्या मदतकक्षाशी बोलून आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लेखी देते आहे.

विभागीय वास्तुविशारद संमेलनाच्या माहितीपत्रकात तुम्ही 'निवडक इमारतींचा आतून अभ्यासदौरा' असं छापलं होतं. प्रत्यक्षात बस प्रत्येक फाटकाशी थांबली, काचेतून फोटो काढून झाले आणि पुढे निघाली. एकाही इमारतीत पाऊल टाकता आलं नाही. आत जायची परवानगीच घेतलेली नव्हती, हेही आम्हाला सुरक्षारक्षकाकडून कळलं.

आज मी परतावा मागितला, तर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "इमारती दिसल्या ना मॅडम?" मी म्हटलं, बाहेरून दिसल्या. "मग बिल्डिंग बाहेरूनच बघतात ना?" मी म्हटलं, आम्ही आर्किटेक्ट आहोत. त्यावर उत्तर आलं, "मग तर तुम्हाला ड्रॉइंगवरूनच कळायला हवं." मागे कुणीतरी हसलं. ते हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

वास्तुविशारदांची संमेलनं भरवणाऱ्या कंपनीला हे समजावून सांगावं लागतं, याचाच संताप येतो. वास्तुविशारद लुई कान यांचं अमेरिकेतल्या फोर्ट वर्थमधलं किंबेल कलासंग्रहालय (1972) रस्त्यावरून पाहिलं तर काँक्रीटच्या कमानदार छपरांची रांग दिसते. माथ्यावरच्या फटीतून आलेला उजेड परावर्तकावरून उलटून काँक्रीटवर कसा पसरतो, हे आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचं अहमदाबादचं कार्यालय 'संगाथ' काहीसं जमिनीत उतरलेलं आहे. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली त्याची छपरं बाहेरून दिसतील, त्यांच्याखालचा गारवा बसमध्ये बसून कसा जाणवणार? सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग, आम्ही सगळेच वाचतो. जिना पायाला कसा लागतो, दालनात आवाज किती घुमतो, दोन साहित्यांचा सांधा कसा जुळवलाय, हे पाहायला आम्ही हातातली कामं बाजूला ठेवून आलो होतो. नुकतीच पदवी घेतलेली मुलं पदरचे पैसे भरून आली होती.

व्याख्यानं चांगली झाली, त्याचं श्रेय वक्त्यांचं. पण दौऱ्याचं शुल्क तुम्ही वेगळं घेतलंत आणि एकाही इमारतीत आत नेलं नाहीत.

हे शुल्क पंधरा दिवसांत सर्वांना परत करा. प्रमाणपत्रावर 'अभ्यासदौरा पूर्ण' असं छापलंय, तेही दुरुस्त करा. न केलेल्या अभ्यासाचं प्रमाणपत्र मला नको. अन्यथा माहितीपत्रक आणि पावती घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमच्यावर विश्वास ठेवून मीच अनेक सहकाऱ्यांना नोंदणी करायला लावली होती. यापुढे कुणालाही तुमचं नाव सुचवणार नाही.

संमेलनातील एक सहभागी वास्तुविशारद