गावाची खोलीही दाखवा, आणि मराठीतून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला मी धोबी तलावाला कयानीच्या इराणी हॉटेलासमोर उभी होते. बाहेरून येऊन मुंबईत वसलेल्या लोकांच्या जुन्या वस्त्या पायी फिरवून दाखवणारा एक कार्यक्रम होता. माणशी ९०० रुपये. माझ्या साठीनिमित्त मुलाने परस्पर पैसे भरून टाकले होते, नाहीतर एवढे पैसे देऊन मुंबई बघायला जायचं माझ्या मनातही आलं नसतं. माझा जन्म लालबागचा, नोकरी महापालिकेच्या शाळेत, तीही परळला. तरी सांगते, त्या तीन तासांत मी पुष्कळ शिकले. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

आम्ही चौदा जण होतो. वाट दाखवणारा मुलगा पंचविशीचा, अभ्यास चांगला केलेला. बोलणं सगळं इंग्रजीत. फेरीची सुरुवात त्या हॉटेलापासूनच झाली. १९०४ पासून चालत आलेलं ते हॉटेल, इराणातून आलेली माणसं आणि त्यांनी धरलेल्या नाक्यावरच्या जागा, हे सगळं त्याने छान सांगितलं. मग आम्ही जेर महालच्या जिन्याने वर गेलो. परवानगी आधीच काढलेली होती. वर गोव्याच्या एका गावाची कूड होती.

कूड म्हणजे कोकणीत खोली. गोव्यातून बोटीवर नोकरी धरायला आलेला माणूस मुंबईत उतरला की आपल्या गावाच्या कुडीत जायचा. भाडं नाममात्र. एका भिंतीला गावच्या चर्चच्या सायबाचा, म्हणजे संताचा, देव्हारा आणि संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. मी आत पाऊल टाकलं आणि भिंतीकडे बघतच राहिले. एकाला एक लागून ट्रंकांची रांग. कुणाची लाकडी, कुणाची पत्र्याची. प्रत्येकीला कुलूप. ज्याची ट्रंक तो समुद्रावर, ट्रंक मात्र त्याची जागा धरून बसलेली. कोपऱ्यात कॅरम. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बसले होते. त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमी खंयचीं?’’ मी म्हटलं, राजापूरकडची. ते हसले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे शेजारीच की!’’

तेवढ्यात वाट दाखवणारा तो मुलगा सगळ्यांना सांगत होता, की अशी गावाच्या नावाने चालणारी खोली मुंबईत फक्त गोवेकरांची, दुसऱ्या कुणाची नाही.

संपादक महाशय, माझे वडील अशाच खोलीत नऊ वर्षं राहिले. १९५१ साली मुसाकाजीच्या बंदरातून आगबोटीने चुलत्याबरोबर ते भाऊच्या धक्क्याला उतरले आणि तिथून पायी लालबागला आले, ते थेट गावाच्या खोलीवर. दहा बाय बाराची खोली. नावं लावलेली तीस-बत्तीस माणसं. सगळी एका वेळी मावायची नाहीत आणि मावायची गरजही नव्हती, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा माणूस वळकटी गुंडाळून बाहेर पडायचा तेव्हा रात्रपाळीचा तिथेच पाठ टेकायला यायचा. भिंतीला खुंट्या, खुंटीला वळकटी, खाली ट्रंक. देवाच्या फळीवर गावच्या रवळनाथाची तसबीर. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक, बैठकीत वर्गणी, दारू पिऊन आला तर दंड. नवीन पोरगा गावाहून आला की त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वाडी, आणि त्याला गिरणीत कुणी चिकटवला हे सगळं वहीत लिहायचं. त्या वर्गणीतून गावात शाळेवर कौलं चढली, पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव झाला.

लालबाग, चिंचपोकळी, परळ, करी रोड, वरळी, नायगाव इथे कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या. गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, तेव्हाचा रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. कुडीत रोझरी, आमच्याकडे आरती आणि भजन. एवढा फरक सोडला तर कूड आणि गावाची खोली ही सख्खी भावंडं. शब्दाचा अर्थसुद्धा एकच आहे, त्यांच्या भाषेत कूड, आमच्या भाषेत खोली.

मी त्या मुलाला बाजूला घेऊन हे सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि वहीत टिपून घेतलं. ‘‘हे मला कुणी सांगितलंच नाही,’’ असं म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. सांगायचं कुणी, ते आपणच ना? आपल्याला वाटतं, बाहेरून आले ते इराणी, गोवेकर, बोहरी, चिनी. आपण तर इथलेच. पण माझ्या वडिलांना ज्या दिवशी धक्क्यावर उतरून ट्रॅम कुठली, रस्ता कुठला हे कळत नव्हतं, त्या दिवशी तेही या शहरात परकेच होते. त्यांचीही वस्ती या फेरीत मोजली गेली पाहिजे.

पुढे कावेल, काळबादेवी, पायधुणी. भरतीचं पाणी पूर्वी इथवर यायचं आणि पलीकडून चिखल तुडवत आलेली माणसं इथे पाय धुवायची, म्हणून पायधुणी असं म्हणतात. आज तिथे हातगाड्यांमधून वाट काढताना धुवायला वेळ कुणाला आहे! डोंगरीच्या इमामवाड्याजवळ मुघल मशीद पाहिली. हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने १८६० मध्ये ती बांधली. घुमट नाही, दर्शनी भागावर निळ्या फरशांची नक्षी, आत पाण्याचा हौद. सकाळच्या उन्हात तो निळा रंग पाण्यात उतरला होता. साठ वर्षं मुंबईत काढून ही जागा मी पहिल्यांदा पाहिली.

शेवटचा थांबा सॅम्युअल स्ट्रीट. तिथल्या शार हारहमीम या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात पोलीस, ओळखपत्र तपासणं वगैरे झालं. आत जाताना वाट दाखवणाऱ्या मुलाने सांगितलं, की सॅम्युअल इझिकेल नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करातल्या अधिकाऱ्याने टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली हे उभारलं. आजच्या जागी ते १८६० पासून आहे. सगळं बरोबर. पण त्या अधिकाऱ्याचं आडनाव दिवेकर होतं, दिवेआगरचे दिवेकर, आणि घरात त्यांना सामाजी हसाजी म्हणत, हे सांगायचं राहून गेलं! मग आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे, नवगावला गलबत फुटून आलेल्या सात जोडप्यांची कथा सांगणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल लोक कोण, हे बाकीच्या तेरा जणांना कळणार कसं?

तिथे देखरेखीला असलेले काका मला म्हणाले, ‘‘या बाई, आत या. डोक्यावरून पदर घ्या, बस्स.’’ इतकं घरच्यासारखं मराठी सकाळपासून पहिल्यांदा कानावर पडलं. आम्ही दोघं बोलत राहिलो. पोहे, गूळ, खोबरं घालून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात तो मलिदा, अलिबागजवळचं खंडाळा, इस्रायलला गेलेली त्यांची बहीण आणि फोनवर अजून मराठीतच होणारं भांडण. या जागेला त्यांच्या घरात सिनेगॉग नाही, मशीद म्हणत, जुनी मशीद. मशीद स्टेशनचं नावही यावरूनच पडलं असं सांगतात. माझगावची सर एली कदूरी शाळा मला माहीत होती, पण १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांनी ती सुरू केली तेव्हापासून तिथे मराठी शिकवत, हे मला काकांनी सांगितलं.

आमची भाषा तिथल्या भिंतींना ठाऊक आहे आणि फेरी मात्र त्या भाषेत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. इंग्रजीत जरूर व्हावी, परदेशी पाहुणे येतात, त्यांना कळायला हवं. पण महिन्यातून एक रविवार मराठीत करायला काय अडचण आहे? माझ्या शाळेतली पोरं डोंगरी, माझगाव, लालबाग याच भागांत राहतात. त्यांच्या आईबापांना ९०० रुपये परवडणार नाहीत. पालिकेने आणि शिक्षण खात्याने मनावर घेतलं तर पाचवी ते आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा ही फेरी सहज घडवता येईल. पुस्तकातला धडा मी एकतीस वर्षं शिकवला. पण कुडीतली ट्रंकांची रांग बघून मुलाने घरी जाऊन आजोबांना ‘‘तुम्ही आलात तेव्हा कुठे झोपलात?’’ असं विचारलं, तर तो धडा पक्का बसेल.

आणि फेरी धोबी तलाव-डोंगरीवर थांबू नये, चिंचपोकळीच्या पुलापर्यंत यावी. तिथे दाखवायला आता फारसं उरलं नाही म्हणतात, ते अर्धंच खरं. गिरणी कामगारांच्या ज्या खानावळी चालल्या त्या घराघरांत होत्या. माझी आई आमच्याच खोलीत बारा माणसांचं जेवण करायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्या बाराही जणांची उधारी तिच्या वहीत होती, आणि तरी पुढे कित्येक महिने तिने कुणाचं ताट बंद केलं नाही. अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. हे सांगणाऱ्या बाया अजून लालबाग-परळमध्ये आहेत, सत्तरी-ऐंशीच्या. त्यांना बोलतं करा, त्यांना मानधन द्या. त्या सांगतील तसं पुस्तकी माणसाला सांगता येणार नाही.

आमच्या गावाची खोली मात्र गेली. चाळ पुनर्विकासात पाडली, मंडळाच्या वाट्याची जागा विकून पैसे सभासदांत वाटले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना गरज होती. तक्रार आहे ती वह्यांबद्दल. १९३०च्या दशकापासूनच्या नऊ वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या. खोली रिकामी करायच्या दिवशी त्या भांड्याकुंड्यांबरोबर रद्दीत गेल्या. मी चौकशीला गेले तेव्हा दोन दिवस उलटले होते. वडिलांचं नाव ज्या पानावर लिहिलं होतं ते पान मी लहानपणी पाहिलेलं आहे. शाई निळी होती आणि वाडीच्या नावात कुणीतरी खाडाखोड केली होती. आता माझ्याजवळ त्यांची पत्र्याची ट्रंक आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका.

आपल्या वाचकांत अजून खोली चालवणारी ग्रामस्थ मंडळं असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चाळ पाडायची नोटीस आली की आधी वह्या काढून घ्या. ठेवायला जागा नसेल तर मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा आणि मूळ वह्या जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. परळ-लालबागमध्ये कुणाकडे वही असेल आणि न्यायला माणूस नसेल, तर मी स्वतः पिशवी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई