लॅपटॉप घ्या ओ, पण आधी ब्रांच तरी ठरू दे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दुसऱ्या पीयूसीचा म्हणजे बारावीचा रिझल्ट लागला की पेपरात पानपानभर लॅपटॉपच्या जाहिराती सुरू होतात, इंजिनिअरिंग स्टुडंट स्पेशल, बॅग फ्री माउस फ्री, आणि सीट कुठं मिळणार हे कळायच्या आधीच पालक मंडळी लॅपटॉप घेऊन मोकळी होतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग-डिझाईनचं काम करतो, त्यामुळं गल्लीतले, पाहुण्यातले लोक "जरा बघून सांगा की ओ कुठला घेऊ" म्हणून येतात, पण बहुतेकजण येतात तेव्हा बिल झालेलं असतं आणि त्यांना फक्त "चांगला घेतलाय" एवढंच ऐकायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सीट फायनल झाल्याशिवाय आणि त्या ब्रांचला कुठली सॉफ्टवेअरं लागतात ते डिपार्टमेंटमधनं कळल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका. आणि ही यादी कॉलेजांनी स्वतःहून द्यावी, ॲडमिशनच्या दिवशी, फीच्या पावतीबरोबर.

आपल्याकडं सीटचा घोळ किती दिवस चालतो बघा. कर्नाटक सीईटीच्या (सरकारी प्रवेश परीक्षेच्या) सीट वाटपात पहिल्या राउंडला सिव्हिल मिळालेलं पोरगं पुढच्या राउंडला कॉम्प्युटर सायन्सला जातं, कोण कॉमेडकेची, म्हणजे खाजगी कॉलेजांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षेची, वाट बघत बसतं, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्राच्या कॅपमधनं (तिकडच्या सरकारी प्रवेश प्रक्रियेतनं) पण सीमाभागाच्या नावावर अर्ज करता येतो, त्यामुळं एकाच घरात इकडची नि तिकडची दोन्हीकडची कागदपत्रं काढायचं चालू असतं, शेवटी पोरगं उद्यमबागेतल्या कॉलेजात शिकणार का कोल्हापूर-सांगलीला हे घरच्यांना पण माहीत नसतं. अशात मे महिन्यातच लॅपटॉप घेऊन काय करणार? तो नुसता सिनेमे बघायला आणि गेम खेळायला. घरातलं माणूस काही बोललं तर उत्तर ठरलेलं, "सगळी पोरं घेऊलाल्यात."

आणि गडबड तरी कसली. व्हीटीयूच्या (आपल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजात पहिलं वर्ष फिजिक्स सायकल नि केमिस्ट्री सायकल ह्या पायाभूत विषयांच्या दोन गटांमध्येच जातं. गणित, थोडं प्रोग्रॅमिंग, कॉम्प्युटरवरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग, आणि ते ड्रॉइंग कॉलेजच्या लॅबमध्ये लॅबच्याच कॉम्प्युटरवर करायचं असतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने लॅपटॉप नसला म्हणून कुणी नापास होत नाही. तेवढ्या दिवसांत सीनियर पोरांकडनं खरी माहिती मिळते, ती कुठल्या दुकानात मिळत नाही.

आता ब्रांचचं. मेकॅनिकल माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज ही मशीनचे पार्ट काढायची सॉफ्टवेअरं विंडोजवरचीच, मॅकवर (ॲपलच्या कॉम्प्युटरवर) थेट बसत नाहीत. ऑटोकॅड मॅकवर मिळतं पण विंडोजवाल्यात आहे ते सगळं त्यात नसतं. म्हणजे काकानं दुबईहून मॅकबुक आणून दिला तरी मेकॅनिकलच्या पोराला तो अडचणीचाच. तसंच हल्ली स्नॅपड्रॅगन चिपचे पातळ लॅपटॉप दुकानात दिसतात, बॅटरी भरपूर चालते हे खरं, वर विंडोज पण असतं, पण आतली चिप एआरएम जातीची, मोबाईलमध्ये असते तसली. इंजिनिअरिंगची बरीच सॉफ्टवेअरं आणि लॅबमधल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचे ड्रायव्हर (ते जोडून चालवायची छोटी सॉफ्टवेअरं) इंटेल-एएमडीच्या चिपसाठी लिहिलेत, ते तिथं अडतात. दुकानदार हे सांगत नाही, विचारलं तर "सगळं चालतंय ओ" म्हणतो.

ग्राफिक कार्डाचा बाऊ तर विचारूच नका. पोरांना वाटतं कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग-डिझाईन) म्हणजे गेमिंग लॅपटॉप पायजेच. अहो, मशीन ड्रॉइंगला काय असतं, स्क्रू जॅक, प्लमर ब्लॉक, मशीन व्हाइस, कनेक्टिंग रॉड. पंधरा-वीस पार्टची असेंब्ली झाली तर डोक्यावरनं पाणी. एवढं साध्या लॅपटॉपवर, आतल्या ग्राफिकवर निवांत होतं, फक्त रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी पायजे आणि एसएसडी (जोरात चालणारी डिस्क) पायजे. कॅडमध्ये मॉडेल काढताना बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच काम करणाऱ्या भागावर, चालतं, म्हणून कोअर किती ह्यापेक्षा एक कोअर किती जोरात पळतो त्याला महत्त्व. ॲनालिसिसला (पार्ट किती ताण सोसेल असल्या हिशोबाला) जास्त ताकद लागते हे मान्य, पण पोरं जे फुकटचं अँसिस स्टुडंट व्हर्जन वापरतात त्यात मॉडेल किती मोठं करायचं ह्यावरच कंपनीनं मर्यादा घालून ठेवलीय. मग पाऊण लाख-एक लाखाचं मशीन घेऊन करायचं काय? दोन माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं आणून ठेवल्यासारखं आहे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला खरंच मोठं सिम्युलेशन आलं तर कॉलेजची लॅब आहे की.

सिव्हिलवाल्यांचं पण जवळपास असंच, ऑटोकॅड, स्टॅड प्रो, रेव्हिट, म्हणजे विंडोज आणि १६ जीबी. रेव्हिटमध्ये मोठी बिल्डिंग घेतली की रॅम खातंय, म्हणून पुढं रॅम वाढवायची सोय असलेला बघावा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जागेकडं लक्ष द्यावं, व्हिवाडो सारखं चिप डिझाईनचं सॉफ्टवेअर एकटंच डिस्कवर पन्नास-शंभर जीबी घेऊन बसतं, तिथं २५६ जीबीचा लॅपटॉप घेतलेल्या पोरानं काय करावं. बोर्ड जोडायला साधे यूएसबी पोर्ट पण असावेत, नायतर प्रत्येक लॅबला डोंगल विसरलो म्हणून रडगाणं.

कॉम्प्युटर सायन्सला खरं तर सगळ्यात मोकळीक, विंडोज चालतं, लिनक्स चालतं, मॅक तर छानच चालतो, मोबाईल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा इम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली मोबाईल) लावला की ८ जीबीत जीव गुदमरतो तेवढंच. एआय-एमएल घेतलेली पोरं एनव्हिडियाचं कार्ड पायजेच म्हणतात, त्यात तथ्य आहे कारण कुडा (ग्राफिक कार्डावर हिशोब चालवायचं सॉफ्टवेअर) फक्त एनव्हिडियावर चालतं, पण शिकायच्या लेव्हलला गुगल कोलॅब आणि कॅगल ह्या वेबसाइटवर जीपीयू (ग्राफिक कार्डाची ताकद) फुकट मिळतो. त्याला नेट मात्र लागतं. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडच्या पोरांना पावसाळ्यात मोबाईलला रेंज मिळायची मारामार, तिथं कोलॅब कुठलं उघडायला. अशा पोरानं हॉस्टेलला राहणार का गावाकडनं जाऊन-येऊन करणार हे ठरवून मगच कार्डाचा विचार करावा.

दुकानातल्या नावांची एक गंमत सांगतो कारण ह्यात लोक हमखास फसतात. एएमडी रायझनच्या ७ हजारच्या नंबरात तिसरा आकडा बघायचा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, ऐकायला सख्खी भावंडं. पण पहिल्यात तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, ती २०१९ ला बाजारात आलेली, आणि कोअर फक्त चार. दुसऱ्यात ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. ७५४०यू असेल तर झेन ४. बाहेर स्टिकर तिघांवर तोच, रायझन ५. त्या ७५२०यू वाल्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, ८ जीबीचा घेतला तर चारी वर्षं ८ जीबीच. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा, यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे ताकदीचा पण तापणारा. "१३ जनरेशन आय५" एवढंच सांगून कोण बिल फाडायला लागलं तर पूर्ण नंबर कागदावर लिहून मागा, घरी या, पोराला नेटवर बघायला लावा, दुसऱ्या दिवशी जा.

जुना म्हणजे रिफर्बिश्ड घ्यायला माझी ना नाही, कंपन्यांतनं निघालेले बिझनेस लॅपटॉप दणकट असतात. फक्त विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासनं पुढंच चालतं. सहाव्या-सातव्या जनरेशनचा कोण "एकदम कडक कंडिशन" म्हणून गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा. बॅटरी किती उरलीय त्याचा रिपोर्ट विंडोजमध्येच निघतो, तो समोर काढून दाखवायला सांगा.

वजनाचं कोण बोलत नाही. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर विटेसारखा, वर डबा, पाण्याची बाटली, रेकॉर्ड बुक. नंदगड, खानापूरहून सकाळच्या बसला उभं राहून येणारं पोरगं हे रोज नेईल का? नेत नाही, पंधरा दिवसांनी घरीच ठेवतं. ह्यांची बॅटरी पण लवकर संपते आणि गावाकडं लाईट गेली की बसा मग. दीड-पावणेदोन किलोचा, सहा-सात तास चालणारा लॅपटॉप आपल्या भागाला बरा. आणि पावसाळ्याला बॅगेला कव्हर घ्या, आपला पाऊस काय साधा नाही.

पैशाचं थोडं. कोल्हापूरला स्वस्त मिळतो म्हणून अजून लोक जीप करून जातात. पूर्वी व्हॅट वेगवेगळा होता तेव्हा ठीक होतं, जुलै २०१७ पासनं जीएसटी आला, लॅपटॉपला इकडं पण १८ टक्के आणि तिकडं पण १८ टक्के. दुकानदाराच्या डिस्काउंटचा फरक असेल तेवढाच, जाण्यायेण्यात तो पण जातो. त्यापेक्षा सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते विचारा, बेळगावातच का हुबळीला पाठवावं लागणार, आणि वॉरंटीचा माणूस घरी येणार का मशीन आपण नेऊन द्यायचं. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी असते आणि क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी पण लागतो, तो कुठल्या जाहिरातीत दिसत नाही. आपल्याकडं लोक सरळ सोसायटीतनं कर्ज उचलतात, जामीनदार म्हणून शेजाऱ्याची सही. पण शिक्षणासाठी बँकेचं एज्युकेशन लोन काढणारच असाल तर कोर्सला लागणारा कॉम्प्युटर त्या खर्चात धरता येतो, अर्ज करतानाच कोटेशन जोडा, नंतर मॅनेजरच्या मागं लागून उपयोग नाही.

आता कॉलेजांना विनंती. बेळगावात एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, व्हीटीयूचं मुख्यालय मच्छेला आपल्या उंबऱ्यावर, आणि तरी लॅपटॉप कुठला घ्यायचा हे पालकांना खडेबाजारचा सेल्समन सांगतो हे काय बरोबर नाही. प्रत्येक डिपार्टमेंटनं एक पान काढावं, कुठल्या सेमिस्टरला कुठलं सॉफ्टवेअर, त्याला कमीत कमी रॅम किती, विंडोजच पायजे का, त्यातलं कॉलेजच्या लायसन्सवर पोरांना घरी काय मिळतं, आणि ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीसारखं कॉलेजच्या मेलवर फुकट काय उघडतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं कारण माहिती नसल्यानं पोरं पेनड्राइव्हवरनं क्रॅक व्हर्जन टाकतात आणि व्हायरस घेऊन बसतात. पान इंग्लिशबरोबर कन्नड-मराठीत पण असलं तर नांगर सोडून ॲडमिशनला आलेल्या बापाला ते दुकानात हातात धरून उभं राहता येईल.

आणि आपल्या पेपरला एक सुचवतो, जूनमध्ये ॲडमिशनची पुरवणी काढता तेव्हा चार-पाच कॉलेजांच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) विचारून अशी ब्रांचवार यादी एकदा छापा. लॅपटॉपच्या जाहिरातीच्या शेजारच्या पानावर छापली तरी चालेल.

कळावे,
आपला एक वाचक,
अनगोळ, बेळगाव