घरच्या संगणकावरील हवामान मॉडेल बंद पडते तेव्हा

महोदय,

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ या प्रकल्पात सप्टेंबर २००३ पासून जगभरातील नागरिक आपल्या घरच्या संगणकाची विनावापर पडून राहणारी क्षमता हवामानशास्त्रज्ञांना देत आले आहेत. ब्रिटनच्या हवामान खात्याचे मूळ महासंगणकावरील मॉडेल येथे घरगुती यंत्रावर चालते आणि त्याच्या हजारो, किंचित वेगवेगळ्या आवृत्त्या चालवून भविष्यातील तापमानवाढ कोणत्या मर्यादांमध्ये राहील याचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडील विज्ञानप्रेमी विद्यार्थीही या कामात उत्साहाने उतरतात. परंतु कित्येक दिवस चाललेले काम एका सकाळी ‘कॉम्प्युटेशन एरर’ असा शेरा देऊन संपलेले दिसले, की आपला संगणकच कुचकामी आहे असे समजून ते सॉफ्टवेअर काढून टाकतात. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो आणि त्यामुळे एका चांगल्या कामाचे हात कमी होतात, म्हणून हे पत्र.

या प्रकल्पात वापरले गेलेले ‘हॅडसीएम३’ हे मॉडेल वातावरणाचे १९ थर मानते आणि अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी पुढे सरकते. त्याचे वर्ष ३६० दिवसांचे असते, म्हणजे एका वर्षासाठी वातावरणाचे १७,२८० टप्पे मोजावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याचा पाया ठरते. कुठे तरी एक आकडा बिघडला, तर काही टप्प्यांतच त्याचा परिणाम भलतीकडे जातो आणि नोंदवहीत ‘निगेटिव्ह प्रेशर’ (उणा दाब) किंवा ‘इनव्हॅलिड थीटा’ (हवेच्या तापमानाशी निगडित राशीचे अशक्य मूल्य) असे शब्द उमटतात. हवेचा दाब शून्याखाली जाणे निसर्गात अशक्य आहे, त्यामुळे मॉडेल तेथे थांबते, आणि ते थांबणेच योग्य असते. मात्र हा बिघाड यंत्रामुळेच झाला असे म्हणता येत नाही. ढगांतील हिमकण किती वेगाने खाली येतात किंवा ढगात भोवतालची हवा किती मिसळते, असे घटक शास्त्रज्ञ मुद्दाम बदलून पाठवतात आणि त्यांतील काही जुळण्या मुळातच अस्थिर असतात. अशी आवृत्ती कोणत्याही संगणकावर कोसळेल, आणि ती कोसळते ही माहितीही संशोधकांच्या उपयोगाची असते.

दोष कोणाचा, हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. एकाकडे फसलेले काम बहुधा दुसऱ्या सहभागी व्यक्तीकडे पाठवले जाते आणि त्याचा निकाल आपल्या खात्यातून पाहता येतो. तेच काम इतरांकडेही फसले असेल, तर आपले यंत्र निर्दोष मानण्यास हरकत नाही. इतरांकडे ते पूर्ण झाले असेल, तरच आपल्या घरात शोध घ्यावा.

आपल्याकडे या शोधाची सुरुवात विजेपासून करणे मला शहाणपणाचे वाटते. मॉडेल ठरावीक अंतराने आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवते. नेमके त्याच वेळी वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते आणि पुन्हा सुरू होताना मॉडेलला तीच अर्धवट फाइल वाचावी लागते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस नसेल, तर लांब पल्ल्याची कामे घेऊच नयेत. संगणक बंद करतानाही आधी ही कामे आणून चालवणाऱ्या ‘बॉइंक’ या सॉफ्टवेअरमध्ये काम स्थगित करावे, थोडे थांबावे, मग तो प्रोग्रॅम बंद करावा आणि शेवटी संगणक. काम थांबलेले असताना ते मेमरीत राहू द्यावे, असा पर्याय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो निवडल्यास पुन्हा पुन्हा डिस्कवरून सुरुवात करण्याचा धोका टळतो.

अँटिव्हायरस चालू फाइलला कधी कधी मध्येच कुलूप लावतो, म्हणून बॉइंकच्या डेटा फोल्डरला तपासणीतून सूट द्यावी. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर काम काही सेकंदांतच फसत असेल, तर बत्तीस बिटांच्या लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या साहाय्यक फाइल) बसवलेल्या नाहीत, हे कारण आधी तपासावे. मेमरी कमी असताना प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर एकेक मॉडेल चालवण्याचा हव्यास धरू नये. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात पंख्यावरची धूळ काढणे आणि एका वेळी चालणारी कामे कमी करणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे, कारण तापलेला प्रोसेसर कधी कधी न थांबता चुकीचे गणित करतो.

चूक प्रकल्पाकडूनच झाली, तरी काम वाया जाते असे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीच्या सहकार्याने सुरू झालेल्या प्रयोगात गंधकयुक्त प्रदूषणाच्या आकड्यांची फाइल सदोष असल्याचे दोन महिन्यांनी लक्षात आले आणि सहभागी लोकांना मॉडेलमधील १९२० सालापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. ज्यांनी धीर सोडला नाही, त्यांच्या यंत्रांवरील हजारो आवृत्त्यांतून २०१२ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मध्यम उत्सर्जन गृहीत धरल्यास १९६१ ते १९९० च्या सरासरीच्या तुलनेत २०५० पर्यंत तापमान १.४ ते ३ अंशांनी वाढू शकते.

आपल्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांनी असे काम जरूर स्वीकारावे, परंतु जेथे सायंकाळी मुख्य स्विच बंद करण्याची पद्धत आहे, तेथे आधी ती बदलावी आणि एका यंत्रावर एक काम शेवटपर्यंत गेल्यावरच बाकीची यंत्रे जोडावीत. आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत या इंग्रजी त्रुटी-संदेशांचे अर्थ आणि त्यांवरील उपाय मराठीत छापले, तर जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा